अत्यंत मोठ्या आवाजात

स्वतःविरुद्धचा तक्रारअर्ज देवघरातल्या पोथीत जपून ठेवणारा आणि घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी तो वाचायला देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमची सोसायटी त्यांना 'मागचे काका' म्हणते, कारण त्यांची वाडी आमच्या इमारतीच्या मागे आहे. खरं तर आम्ही नायगावात राहायला आलो तेव्हा ते तिथे होतेच, त्यांच्या आधी त्यांचे वडील होते, आणि आमची इमारत उभी राहिली ती त्यांच्या चुलतभावाने विकलेल्या केळीच्या बागेत. म्हणजे मागून आलो ते आम्ही. पण आमचं फाटक रस्त्याकडे आणि त्यांचं कौलारू घर आमच्या पार्किंगच्या भिंतीपलीकडे, तेव्हा मागचे ठरले ते. काकांना त्याचं काही वाटत नसे. ते आम्हाला सरसकट 'वरचे' म्हणत आणि वरच्यांच्या वागण्याचा फारसा विचार करत नसत.

तो तक्रारअर्ज माझ्याच हातचा. सोसायटीच्या सभेला मी एकदा उशिरा पोचलो आणि त्या अवधीत माझी सेक्रेटरी म्हणून एकमताने निवड झाली होती, त्याचं हे फळ. काकांच्या वाडीत चौदा कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबड्यांबद्दल कोणाचं म्हणणं नव्हतं, त्या बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या छोट्या तळ्याच्या काठाने दिवसभर उकरत हिंडायच्या. तक्रार कोंबड्याची. ज्यांच्या गावच्या घरी अजून कोंबड्या आहेत तेच सभेत सर्वांत जास्त चिडले होते. 'शहरात राहायचं तर शहरासारखं राहावं,' असं ठरलं आणि मी वॉर्ड ऑफिसला अर्ज लिहिला. अर्ज मुद्देसूद व्हावा म्हणून एका पहाटे उठून मोजणीसुद्धा केली. 'सदर कोंबडा पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी, सलग अकरा वेळा, अत्यंत मोठ्या आवाजात आरवतो व तो सातव्या मजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू येतो,' असं मी लिहिलं होतं. सातवा मजला माझा.

काकांचं वय पंच्याहत्तरच्या पुढे. अंगात बनियन, खाली खाकी अर्धी विजार, आणि आवाज असा की भिंतीपलीकडे ते कोंबड्यांशी बोलू लागले की आमच्या वॉचमनला आपल्यालाच हाक मारली असं वाटे. समोरच्याच्या अगदी तोंडाजवळ येऊन, त्याच्याकडे टक लावून ते बोलत, त्यामुळे नवीन माणूस दोन पावलं मागे सरके. मागून हाक मारली तर मात्र कधी वळून बघत नसत. बाहेर निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे ते कडक पाळतात अशी आमची समजूत होती. भावकीतल्या लग्नात कोण कोणाचा कोण हे त्यांना सांगता येत नसे, पण कोंबड्यांची नाती तोंडपाठ. "ही बघा, हिची आजी आणि त्या तुरेवालीची आजी सख्ख्या बहिणी," ते मला सांगत. "पण स्वभाव? काही म्हणता काही जुळत नाही." त्यांच्या आईने पाळलेल्या एका कोंबडीपासूनचा हा सगळा विस्तार होता आणि बाजारातून एक पिल्लूही आजवर आणलेलं नव्हतं. हे सांगताना ते छाती जरा पुढे काढत. पाचूबंदरहून मासे घेऊन येणारी मावशी त्यांच्यासाठी माशांची डोकी वेगळी बांधून आणायची. "या मानसाच्या कोंबड्या माझ्या पोरांपेक्षा चांगलं खातात," असं ती आमच्या फाटकाशी टोपली उतरवताना रोज म्हणायची आणि रोज आणायची.

अर्जावरून वॉर्ड ऑफिसातले साहेब वाडी बघायला आले. भला माणूस होता. कोंबड्या ठेवायला हरकत नाही, कुंपण घाला, घाण साचू देऊ नका, एवढं सांगून शेवटी म्हणाले, "कोंबडा मात्र नको." काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "लिहून द्या साहेब." म्हातारा पक्का आहे, असं मी मनात म्हटलं. साहेबांनी लिहून दिलं आणि सोबत माझ्या अर्जाची प्रतही दिली. काकांनी चष्मा लावून ती उभ्याउभ्या वाचली. मी दुसरीकडे बघत होतो. "हे तुम्ही लिहिलंत?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. "अकरा वेळा? मोजलंत? सातव्या मजल्यापर्यंत?" मी पुन्हा मान डोलावली. "वा!" ते म्हणाले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. संध्याकाळी आमच्या दारात राजेळी केळ्यांचा घड आला.

पण कोंबडा गेला. काकांनी त्याला टोपलीत घातला, वर फडकं बांधलं आणि एसटीने विक्रमगडला बहिणीकडे नेऊन दिला. कोंबडा नाही म्हणजे पुढे पिल्लं नाहीत आणि म्हाताऱ्या होतील तशा कोंबड्या एकेक करून संपणार, हे त्यांनी मला न रागावता समजावून सांगितलं. मात्र कोंबडा जाण्याआधीच्या आठवड्यातली अकरा अंडी त्यांनी कोळशाची खूण करून उबवायला बसलेल्या एका खुडूक कोंबडीखाली ठेवली होती. "ही शेवटची. यांत एखादा नर निघाला तर निघाला," ते म्हणाले. नऊ पिल्लं निघाली. दोन घारीने नेली, एक मुंगसाने. उरलेल्यांत नर कोण हे लवकर कळत नाही, तेव्हा कळेपर्यंत मुदत मिळावी असा अर्ज करायचा होता आणि तो लिहायला काका माझ्याकडेच आले. "तुमच्या हाताला चांगलं वळण आहे," असं त्यांचं मत होतं. साहेब तो वाचून हसले आणि मला म्हणाले, "तक्रार आली तर मला यावं लागेल. नाही आली, तर मी कशाला येतो?" पाच तलंगा निघाल्या, म्हणजे मुली, आणि एक कोंबडा.

त्यानंतर चार महिन्यांनी एका रविवारी पहाटे मला जाग आली. खालून गंजलेलं फाटक अर्धं उघडून थांबावं तसा आवाज आला. मग पुन्हा आला. बायको म्हणाली, "ऐकलंस का?" मी म्हटलं, "झोप." आठ वाजता दूध आणायला उतरलो तर काका भिंतीशी उभे. "सेक्रेटरी, आज काही ऐकलंत?" मी सोसायटीच्या वतीने ठामपणे मान हलवली. "नाही बुवा. काहीच नाही." आपण केवढी मेहेरबानी केली, या समाधानात मी वर आलो. सोमवारी त्यांनी तेच विचारलं, मंगळवारीही. मी तेच उत्तर दिलं. बुधवारी ते भिंतीशी नव्हते, बावखलाच्या काठावर बसले होते. मी जवळ गेलो.

"मुका निघाला," ते म्हणाले. "मान ताणतो, छाती फुगवतो, चोच उघडतो, सगळं करतो. मला वाटलं माझेच कान. जुन्याचं तेवढं ऐकू यायचं मला, पहाटे. बाकी काही नाही येत आता. पण तुम्हालाही येत नाही म्हणजे आवाजच नाही. मुका कोंबडा काय कामाचा?"

मग सगळं एकदम लक्षात आलं. तोंडाजवळ येऊन बोलणं, मागच्या हाकेला न वळणं, साहेबांकडून लिहून घेणं. इतकी वर्षं आम्ही त्यांना विक्षिप्त समजत होतो आणि मी तर लबाडही. ज्या आवाजापायी मी अर्ज केला तो त्यांच्यापर्यंत पोचणारा शेवटचा आवाज होता. मला माझी लाज वाटली. सांगून त्यांना पटलं नसतं, म्हणून मी खिशातला पेन काढला आणि दुधाच्या बिलाच्या पाठीवर तिथेच लिहिलं: 'सदर नवीन कोंबडा आज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी, सलग चार वेळा, अत्यंत मोठ्या आवाजात आरवला व तो सातव्या मजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू आला. याबद्दल तीव्र नापसंती.' 'अत्यंत मोठ्या' एवढं खोटं होतं. काकांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"चारच वेळा?" त्यांनी विचारलं.

"शिकतोय अजून," मी त्यांच्या कानाशी ओरडलो. त्यांनी बिलाच्या चार घड्या घालून ते पोथीत ठेवायला नेलं. दुधाचे पैसे मला आठवणीने द्यावे लागले.

कोंबडा अजून आहे. सोसायटीत दोघाचौघांची कुरकुर असते, पण लेखी दिल्याशिवाय दखल घेता येत नाही असा नियम मी दाखवतो, आणि आमच्याकडे लिहायचा कंटाळा नसलेला माणूस मी एकटाच. आता मी गजर न लावता उठतो आणि गॅलरीत उभा राहतो. खाली उजाडत असतं, केळीच्या पानांमध्ये काका मान वर करून थांबलेले असतात. प्रत्येक बांगेला मी एक बोट वर करतो. ते बोटं मोजतात आणि मग कोंबड्यांना दाणे टाकायला वळतात. कधी कधी कोंबडा थांबला तरी एक बोट मी जास्तीचं दाखवतो, आणि हे त्यांना कळत असावं असा मला संशय आहे, कारण तेवढ्या दिवशी ते खालून हसतात. सध्या आठपर्यंत मजल गेली आहे. अकरावर गेला तर दाखवायला बोट उरणार नाही, हे मी त्यांना परवा कागदावर लिहून दिलं.

ते म्हणाले, "येऊ तर द्या."