निर्ण्याच्या जागेचा तळ

माझी लेक नागम्मा वेगळं घर करणार, असा तिच्या सासरहून, निर्णा गावाहून, निरोप आला आणि मी कुदळ शोधायला लागले. तिच्या सासऱ्यांनी, बसप्पा अप्पांनी, दोन जागा काढल्या होत्या. 'लेक तुमची, बघून जावा' असं कळवलं होतं. बोलण्यापुरतं म्हणाले असतील. मी खरंच निघाले.

भालकीतलं माझं घर काळ्या मातीवर आहे. उन्हाळ्यात भिंत फाटते, मी लिंपते. पावसाळ्यात जमीन फुगते आणि ती दुसरीकडं फाटते. माझा सगळा संसार त्या भेगा बुजवण्यात गेला. लेकीच्या वाट्याला ते नको होतं.

भालकीहून हळ्ळीखेडपर्यंत सर्व्हिस मोटार मिळते, निघेल तेव्हा निघते. निजामाच्या हाली पैशाबरोबर थोडे इंग्रजी कलदार रुपये जवळ ठेवा, कंडक्टर त्या दिवशी काय मागेल त्याचा भरवसा नाही. माझी कुदळ बघून तो म्हणाला, "अक्का, ह्याचं येगळं तिकीट लागंल."

"तिला मांडीवर घेते," मी म्हणाले. "लेकराचं घेत न्हाईस की तिकीट."

हळ्ळीखेडला जावई शिवराज बैलगाडी घेऊन उभा होता. पुढची वाट गाडीचीच. दोन्ही बाजूला ज्वारीची रानं, कापणी झालेली, आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. रस्त्यात पाणी मिळत नाही, कळशी भरून घ्या. दुपारी झाडाखाली भाकर, कारळ्याची चटणी आणि कांदा खाल्ला. निर्ण्यात पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं.

सकाळी जागा बघितल्या. एक खाली, विहिरीला लागून, काळीभोर. दुसरी वर माळावर, पायाला खडे टोचणारी. आमच्याकडं रीत अशी, की जागेत खड्डा करायचा आणि काढलेली माती परत त्यात भरायची. माती उरली तर जागा भरभराटीची. अप्पांनी खालच्या जागेत खड्डा केला, भरला, तर पाटीभर माती उरली. त्यांनी नारळ मागवला.

"थांबा अप्पा," मी म्हणाले. "ही ढेकळं हायती. ढेकळांच्या मधी वारा भरलाय. दोन घागरी पाणी वता आन् उद्या बघा."

"शास्त्रावर पाणी वतायलाव व्हय, विहीणबाई?"

"शास्त्रावर न्हाई, मातीवर."

दुसऱ्या दिवशी ढेकळं विरघळून बसली होती. उरलेली पाटी त्यात टाकली तरी खळगा दिसत होता. अप्पांनी नारळ परत घरात पाठवला. वर माळावर हातभरावरच मुरूम लागला, पिवळा, कुदळीला दाद न देणारा. मी म्हणाले, वरचीच जागा.

नागम्मा सासऱ्यासमोर कधी बोलत नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "माय, भिंत तू बघायलीस. पाणी मी आणायचंय."

मला राग आला. मी तिच्या डोक्यावरची भरलेली घागर घेतली आणि माळाची चढण चढले. मध्येच खाली ठेवावी लागली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. वर पोचले तेव्हा दम उरला नव्हता. रोज, गरोदरपणात, तापात, तिला हेच चढायचं होतं. दोन्हींच्या मधली, माळाच्या कडेची जागा घ्यावी म्हणावं, तर अर्धं घर मुरमावर, अर्धं काळीवर, म्हणजे बरोबर मधोमध फाटणार.

मग मी माझाच शब्द फिरवला. "खालचीच घ्या. पण भिंतीखाली मुरूम लागेपर्यंत खणा आन् माळावरचा दगड भरा."

"घर बांधायचंय का हीर पाडायचीय?" अप्पा म्हणाले. पण शिवराजने धोतर खोचलं, त्याचे भाऊही आले.

एका कोपऱ्यात खणायला लागले. गुडघा गेला, कंबर गेली, छाती गेली, काळीच. दुसऱ्या दिवशी खालून आवाज आला, "लागलं. कडक लागलं." पांढरट खडे वर आले. अप्पा म्हणाले, "झालं. उद्या दगड टाका." मलाही तेच खरं वाटलं. माझे डोळे आता तेवढ्या खोलवर पोचत नाहीत.

नागम्माने पदर कमरेला बांधला आणि दिरांच्या देखत खड्ड्यात उतरली. कुणी अडवायच्या आत.  खाली खुरप्याचा आवाज येत राहिला.

"मामा," ती खालून म्हणाली. सासऱ्याला तिने हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. "ही चुनखडीची खपली हाय. ह्याच्याखाली परत काळंच हाय. अजून खणावं लागतंय."

बसप्पा अप्पा खड्ड्याच्या काठाशी आले. "सूनबाई म्हणायलीय तर खणा," ते पोरांना म्हणाले. "अन् तिला वर घ्या आधी."

संध्याकाळी मुरूम लागला. मी दुसऱ्या दिवशी निघाले.

भालकीत येऊन बरेच दिवस झाले. मी निघाले तेव्हा तीन कोपरे खणायचे राहिले होते, आणि माणसं थकली की त्यांना कुठलंही कडक मुरूमच वाटतं. तिथं जाऊन उभं राहावं असं वाटतं, पण जात नाही. बघणारी तिथं आहे. मी इथं माझी भिंत लिंपायला घेतलीय.