शेजारच्या गाण्याची साक्ष

काहीही विचारा, तो डावा हात छातीपाशी उचलायचा, पंजा दोन्हीकडे जरासा कलवायचा आणि म्हणायचा, "मोर ऑर लेस." तब्येत बरी आहे का? मोर ऑर लेस. लग्न झालंय का? मोर ऑर लेस. आता तुम्हीच सांगा, या प्रश्नाला हे उत्तर होऊ शकतं का? पण चेहरा इतका प्रामाणिक असायचा, की विचारणाराच ओशाळायचा.

ऐंशीच्या दशकात आम्ही न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. मी रिसर्च लॅबमध्ये नोकरीला, बायको शुभा आणि पाच वर्षांची मीनल. शेजारी हा ब्राझीलचा गायक. गाणी स्वतः लिहायचा, चाली स्वतः लावायचा. निदान एकेकाळी तरी. आता तो दुपारी मॉलमधल्या दुकानात मुलांना गिटार शिकवायचा आणि शनिवारी नेवार्कच्या एका पोर्तुगीज रेस्टॉरंटमध्ये गायचा. तिथे लोक सांगतील ती गाणी, स्वतःचं एकही नाही. "लोक जेवायला येतात, डॉक्टर," तो म्हणायचा. माझी पीएचडी त्याने फारच मनावर घेतली होती.

त्याची हकिगत मला कधी सरळ लावता आली नाही. विसाव्या वर्षी तो टीव्हीवरच्या मोठ्या स्पर्धेत गायला, एवढं नक्की. पण एकदा म्हणाला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्या वेळी म्हणाला, हुर्यो उडवली. तेव्हा तिकडे लष्कराचं राज्य होतं. सरकारने त्याच्या दोन ओळी कापल्या आणि रेकॉर्ड दुकानांतून उचलली, की रेकॉर्ड निघालीच नाही? एका बँडबरोबर दोन महिन्यांसाठी म्हणून अमेरिकेत आला, तो बारा वर्षं इथेच.

मला गोष्टी जुळल्या नाहीत की चैन पडत नाही. एकदा जेवायला बोलावलं तेव्हा मी चक्क कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि त्याला सालं विचारू लागलो.

"अरे, इंटरव्ह्यू घेतोयस का त्यांचा? जेवू दे ना," शुभा म्हणाली.

तो मसुराची उसळ आणि भात कालवण्यात रमला होता. त्याच्या आईच्या घरी असंच जेवण असायचं म्हणे. मोर ऑर लेस.

"गिटारकाका, डू द फिश साँग," मीनल म्हणाली, आणि माझा कागद कोराच राहिला.

रविवारी सकाळी शुभाची नर्सिंग होममध्ये ड्यूटी असायची. मीनल कार्टून बघत बसायची आणि मी स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर लावून साताऱ्याला आईबाबांसाठी कॅसेट भरायचो. तेव्हा आपल्यातले बरेच जण असं करायचे, पत्र लिहिण्यापेक्षा बरं. त्याच वेळी पातळ भिंतीपलीकडे तो स्वतःची गाणी गात असायचा. बाबांच्या पत्रात आलं, 'मागे कोण गातं रे? आवाज बरा आहे.' मी त्याला ते सांगितलं. तो लाजला, आणि पुढच्या रविवारी जरा मोठ्याने गायला.

अशी तीन वर्षं गेली. मग एका संध्याकाळी तो हातात रेकॉर्ड घेऊन दारात उभा. बहिणीने ब्राझीलहून पाठवली होती. तिकडची एक नामवंत गायिका, आणि तिचं एक गाणं तिकडे घरोघर वाजत होतं. गाण्याखाली कुणा तिसऱ्याचंच नाव छापलेलं.

"हे माझं आहे," तो म्हणाला. हात हलला नाही.

त्याला गाण्याखाली फक्त नाव हवं होतं. नेवार्कच्या वकिलाचं म्हणणं, रेकॉर्ड निघायच्या आधी हे गाणं याच्या तोंडून ऐकलेला एक माणूस हवा, जो शपथेवर तसं लिहून देईल. "तुम्ही तीन वर्षं भिंतीपलीकडे होता, डॉक्टर. तिकडे एकाला टेप पाठवली होती, त्याचंच नाव छापलंय. इथे दुसऱ्या कुणी ऐकलेलंच नाही." रेकॉर्ड त्याने माझ्याकडे ठेवली.

मी ती आठ दिवस ऐकली. मला राष्ट्रगीत आणि गणपतीची आरती यांपलीकडे चाल ओळखता येत नाही, हे इथे कबूल करतो. त्यात बाईचा आवाज, मागे भरगच्च वाद्यं. संध्याकाळी वाटायचं, हेच ते. सकाळी वाटायचं, छे, त्याची सगळीच गाणी मला अशी वाटतात. आणि आत कुठेतरी आणखी एक किडा वळवळत होता. ज्याला टाळ्या मिळाल्या की हुर्यो, हे धड सांगता येत नाही, त्याचं गाणं त्याचंच कशावरून?

"तुला काय वाटतं?" शुभाने विचारलं.

"वाटतं, तेच आहे."

"मग तसं सांग."

"पण वाटणं म्हणजे माहीत असणं नाही ना."

वकिलाने गाणं लावलं आणि विचारलं, हेच का? मी म्हणालो, "आय थिंक सो. बट आय कान्ट बी शुअर." त्याने पेनला टोपण लावलं.

परतताना गाडी मी चालवत होतो. तो बाहेर बघत होता. मग म्हणाला, "तुम्ही खरं बोललात, डॉक्टर." चिडला असता तर परवडलं असतं. मला लाज वाटत होती आणि कशाची, ते कळत नव्हतं. खोटं तर मी बोललो नव्हतो.

कॅसेटची आठवण दुसऱ्या दिवशी शुभाने करून दिली. बाबा जुन्या कॅसेट जपून ठेवायचे. मी धावत शेजारी गेलो आणि त्याला सांगितलं की थांब, पुरावा आहे, साताऱ्याहून मागवतो.

तो हसला. "मला वाटलं होतं, पुरावा म्हणजे तुम्ही."

पत्र पोचून, कुणी पुण्याहून येणारं गाठून कॅसेट हाती येईपर्यंत अडीच महिने गेले. तोवर शेजारच्या घरात एक तेलुगू जोडपं राहायला आलं होतं. तो कुठे गेला? दुकानाचा मालक म्हणाला, ब्राझीलला. रेस्टॉरंटमधला वेटर म्हणाला, बोस्टनला. पत्ता कुणाकडेच नव्हता. वकिलाला मी कॅसेटबद्दल फोन केला, तर तो म्हणाला, तुमच्या मित्राने केव्हाच सगळं सोडून दिलं.

तरी आम्ही कॅसेट लावली. रेकॉर्ड निघायच्या दोन वर्षं आधीची, वर बाबांच्या अक्षरात महिना लिहिलेला. दहाएक मिनिटांनी मागे गिटार सुरू झाली आणि शुभाने माझा दंड धरला. "हेच आहे रे," ती म्हणाली. या वेळी मलाही कळलं.

पण त्याने पहिली ओळ उचलली आणि टेपवर मी पुन्हा बोलायला लागलो. बाबा, गुडघा कसा आहे? इथे बर्फ फार आहे. गाडी सुरू होत नव्हती. मीनलचा पहिला दात पडलाय. मी आपला बोलतोय, बोलतोय.

"जरा वेळ गप्प बसला असतास," शुभा म्हणाली.

बोलताना मी मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबतो. तेवढ्यापुरता तो ऐकू येतो.