घरगल्लीत उतरलेली वहिनी

वहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी लालबागच्या गिरणीत, रंगखात्यात होतो. परळच्या इस्पितळातून दादानं फोन केला होता आणि ते सांगायला हेडक्लार्क स्वतः खाली आला. विषमज्वर, बारा दिवस. वय चौतीस. पुढलं सगळं रीतीप्रमाणे झालं. तेराव्याला वाडीतली माणसं जेवून गेली, "लाखात एक बाई होती हो" म्हणत दोनदा खीर मागून गेली. मी आत गेलो तर मदतीला आलेल्या शेजारणी खरकट्या पत्रावळी चार-चार एकत्र दुमडून आमच्याच मागल्या खिडकीतून खाली सोडत होत्या. वहिनीच्या तेराव्याच्या पत्रावळी! मी खिडकीपासून मागं सरलो. दुःखानं नव्हे, किळसेनं. त्या किळसेबद्दलच हे लिहितो आहे, कारण वहिनीची माझी खरी ओळख त्या किळसेमुळेच झाली.

गिरगावकराला घरगल्ली म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. दोन चाळींच्या पाठी जिथं समोरासमोर येतात तिथली ती दोन हात रुंद फट. तीत संडासाचे नळ, मोऱ्यांचं पाणी आणि वरच्या सगळ्या मजल्यांवरून दिवसभर पडणाऱ्या कचऱ्याच्या पुड्या. फणसवाडीतल्या त्या मागल्या खिडकीशी बसून मी मॅट्रिकपासून बी.एस्सी.पर्यंतचा अभ्यास केला, पण वास मला कधी आला नाही. तो आला लीड्सला दोन वर्षं रंगाईचं शिक्षण घेऊन परतल्यावर, पहिल्याच सकाळी. मग जिकडेतिकडे तेच दिसायला लागलं. जिन्याच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या, गॅलरीतून खाकरून खाली थुंकणारे आमचे सुशिक्षित तात्या नि नाना, मोरीला लागून वाळत घातलेले पापड. हाच का तो माझा देश, ज्याच्या आठवणीनं मी तिथल्या थंडीत रडलो होतो? मी नाकाला रुमाल लावून फिरू लागलो. वहिनी म्हणाली, "भाऊजी, तो रुमाल धुवायला टाका आता. त्यालाच वास यायला लागलाय."

शिकलेला माणूस दुसरं काय करणार? मी म्युनिसिपालिटीकडे अर्ज केला. इंग्रजीत, टाइप करून, सहीखाली पदवी लावून. घरगल्ली साफ होत नाही, झाडूवाली कामचुकार आहे, साथीचा धोका आहे वगैरे. झाडूवाली जिवी काठेवाडकडची. जन्मभर मी तिची फक्त पाठ पाहिली होती. चळवळ तेव्हा तापलेली होती, मुंबई आमची म्हणून वाडीत रोज सभा व्हायच्या, आणि सभेहून परतणाऱ्या मंडळींनी माझ्या अर्जाला वेगळाच अर्थ लावला. "गुजराती ना ती? मुद्दाम घाण ठेवते. तिच्या जागी आपला मराठी माणूस आला पाहिजे." मोर्च्याला घराबाहेर न पडणाऱ्यांनीही त्या अर्जावर धावत येऊन सह्या केल्या. मला ते आवडलं नाही, पण सह्या मोजताना बरं वाटलं, हेही खोटं नाही. आठ दिवसांत जिवीला कामावरून बंद केलं आणि चौकशी लागली.

वहिनीला हे कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं एवढंच विचारलं, "तुमच्या त्या लीड्सच्या घरी कचरा कोण टाकायचं?" मी सांगितलं, घरमालकीण बाई कडक होती, शेगडीची राख आणि कचरा ज्याचा त्यानं अंगणातल्या डब्यात नेऊन टाकायचा. दोन वर्षं मुकाट्यानं टाकला. "आणि इथं कुठं जातो तुमचा कचरा?" मी म्हणालो, मोरीतल्या बादलीत. "आणि बादलीतून?" ... मला खरंच ठाऊक नव्हतं. परत येऊन तीन महिने झाले होते आणि हा प्रश्न मला पडला नव्हता.

चौकशीच्या दिवशी कचेरीतले साहेब आले. त्यांनी बोलावून घेतलेल्या जिवीनं फावड्यानं आतला चिखल ओढून गल्लीच्या तोंडाशी ढीग घातला होता, आणि ती डोक्यावरून पदर घेऊन भिंतीला टेकून उभी होती. चाळीतले सगळे पुरुष एका सुरात म्हणाले, आम्ही कचरा रस्त्यावरच्या पेटीत टाकतो, हीच झाडत नाही. साहेब लिहून घेऊ लागले. एवढ्यात वहिनी जिना उतरून आली. पोळीभाजी अर्धी टाकून आल्यासारखी, हाताला कणीक तशीच. ती ढिगाशी वाकली आणि हातानं एकेक उचलून दाखवू लागली. "हे शेवग्याचे चोथे आमचे, कालच्या आमटीतले. ही कोळंबीची सालं पहिल्या मजल्यावरची, तिथं बुधवारी कोळंबी होते. हा केसांचा गुंता माझाच. ह्या औषधाच्या बाटल्या तात्यांच्या. साहेब, दहा वर्षं मी ह्या खिडकीतून टाकते आहे. वरून पडतं ते हिनं खालून किती झाडायचं?" तात्या ओरडले, "अहो, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?" वहिनी म्हणाली, "खिडकीच्या."

मी रुमाल लावून सगळ्यांच्या मागे उभा होतो. तेव्हा मला ढिगाच्या कडेला, नारळाच्या शेंड्यांत, दाढीच्या साबणाची एक पिळलेली ट्यूब दिसली. लीड्सहून आणलेली, वर इंग्रजी अक्षरं. सबंध वाडीत तसली ट्यूब एकाच माणसाकडे होती. वहिनीनंही ती पाहिली. माझ्याकडे एकदा बघितलं, वाट पाहिली ... मी रुमाल आणखी घट्ट धरला. मग तिनं अनवाणी पाय पुढं टाकला आणि साहेबांची पाठ वळेपर्यंत तो त्या घाणीत, ट्यूबवर तसाच ठेवला. आयुष्यात मला घाण खूप दिसली, पण त्या दिवशी रुमालाआड उभ्या असलेल्या माणसाइतका ओंगळ प्रकार मी पाहिलेला नाही.

जिवीची नोकरी वाचली, पण बदली डिलाईल रोडला झाली. वाडी वहिनीवर उलटली. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. दादा आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. ती मात्र दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी चार वाजता, सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या असताना, कचऱ्याची बादली घेऊन दोन मजले उतरायची आणि नाक्यावरच्या पेटीत रिकामी करून यायची. मला लाज वाटे. तिची. मी म्हणालो, एखादा गडी लावू. तर म्हणाली, "लावा. आणि तो कुठं टाकतो ते बघायला तुम्ही जा." पुढं राज्य मिळालं, मुंबई मिळाली, वाडीत रोषणाई झाली, पेढे वाटले, आणि पेढ्यांचे रिकामे खोके खिडक्यांतून घरगल्लीत गेले. मुंबई आपली झाली म्हणजे घरगल्लीही आपलीच झाली, पण हे कुणाला सांगायचं?

तेराव्यानंतर मी डिलाईल रोडला गेलो. निदान जिवीला कळावं, असं वाटलं. चाळींच्या रांगेपाशी ती झाडत होती, केस पांढरे झालेले. वहिनी गेली म्हणून सांगितलं तर तिनं झाडू खाली ठेवला. "ती बाय? अरे राम ... साहेब, ती माज्या खोलीवर आली होती. बोलली, अरजी मी केली होती, मला माफ कर. मी बोलली, जाऊ दे बाय. पन मनातून राग गेला नाय. रोज सकाळी इतक्या लांब चालत येते ना, तवा रोज तिला शिव्या दिल्या." माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. "येतो," म्हणालो आणि बसस्टॉपवर जाऊन उभा राहिलो.

घरी येऊन हा लेख लिहायला बसलो. कबुलीजबाब लिहून झाला, बरा उतरला, वाचून समाधानही झालं. मग लक्षात आलं की जिवीला वाचता येत नाही. म्हणजे पुन्हा अर्जच केला होता मी, पुन्हा टेबलाशी बसून, तिची पाठ बघत. वहिनी असती तर म्हणाली असती, "भाऊजी, छापून कसलं आणता? तोंडानं सांगा."

तेव्हा हा लेख आज तुमच्या हातात आहे याचा अर्थ छापायला देण्याआधी मी जाऊन तिला सांगून आलो. अर्ज माझा, ट्यूब माझी, वहिनी खोटं बोलली ती माझ्यासाठी. जिवीनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती बराच वेळ झाडूच्या काड्या हातानं सारख्या करत राहिली. मग म्हणाली, "मंग तीन वरस मी त्या बायला फुकट शिव्या दिल्या. आता मी माफी कुनाकडे मागू, साहेब?"