गायलीय

नववीत शाळा सोडली आणि कोकणातून थेट मराठवाड्यात पूर्णेला येऊन पडलो. आत्याचे यजमान रेल्वेत. त्यांनी ओळखीच्या मंडपवाल्याकडे चिकटवलं. स्पीकर उतरवायचे, तारा गुंडाळायच्या. त्याच दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघं जण स्वतःची गाणी बसवायचे. ताई एका गुरुजींची मुलगी, गाणी लिहायची आणि गायची. दादा वालूरचा, बागायतदाराच्या घरातला, त्याची इलेक्ट्रिक गिटार. ड्रमला कोणी नव्हतं. मी रिकाम्या पेटीवर ठेका धरलेला ताईने ऐकला आणि दुकानातला जुना ड्रमसेट माझ्यापुढे ओढला. शाळा अर्धवट सोडलेल्या परक्या पोराला कुणी असं बोलावून बसवतं, हेच मला खरं वाटत नव्हतं. त्यामुळे रोज भीती, की आज सांगतील, उद्यापासून येऊ नको.

ती भीती बोरीला समोर येऊन बसली. तिथल्या गणेश मंडळात आमचा पहिलाच कार्यक्रम होता. दादाने परभणीच्या एका ऑर्केस्ट्रातल्या ड्रमवाल्याला ऐकायला बोलावलं होतं. "ह्याचं जमलं न्हाई तर तुमी या," असं तो फोनवर म्हणाला तेव्हा मी शेजारीच तारा गुंडाळत होतो. आता ते काका पहिल्या रांगेत.

मंडळाला सिनेमातली गाणी हवी होती. आमच्याकडे आमचीच. दुसऱ्या गाण्याला कुणीतरी ओरडलं, "आन् नाचायचं कवा?"

शेवटचं गाणं संथ होतं. त्यात ताईचा आवाज कुजबुजीवर येतो, ती थांबली की मी मोठी झांज वाजवायची आणि सगळं बंद, असं ठरलेलं. पण माझ्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर मध्येच गेला. गिटार सोडून काही ऐकू येईना. ताई पाठमोरी. मी दादाला ओरडून विचारलं, "झालं का?"

तोही ओरडला, "गायलीय! गायलीय!"

गायलीय. म्हणजे गाऊन झालं. मी झांज हाणली, स्टिका ठेवल्या, उठलो आणि लोकांना हात जोडले.

झांज ऐकून दादाने गिटार थांबवली. आणि ताईचा आवाज येतच राहिला. डोळे मिटून, ओळीच्या मध्यावर, एकटी. पुढच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, तसे एक फेटेवाले आजोबा खेकसले, "गप बसा की रं! दिसंना का, पोरगी गायलीय!"

तेव्हा कळलं, इथे गायलीय म्हणजे गातेय. करायलाय, जायलाय म्हणजे करतोय, जातोय, हे मी इथे येऊन शिकलो होतो. पण गायलीय हा शब्द आमच्याकडेही होता, म्हणून त्याचा इथे अर्थ वेगळा असेल असं डोक्यातच आलं नाही. आता बसावं तर स्टूल करकरणार. पूजेला बसवलेल्या यजमानासारखा तसाच हात जोडून उभा राहिलो. ताईने कडवं संपवलं, डोळे उघडले, मला बघून दचकली. टाळ्या पडल्या. त्या कशासाठी, ते मला उमजेना.

मंडपामागे दादाने दंड धरला. "थांबलास काहून?"

"दादा, तुम्हीच म्हणालात, गायलीय."

"आरं मग! गायलीय म्हंजी गायलीय!"

"आमच्याकडे गायलीय म्हणजे गाऊन झालं."

दादाने माझा दंड सोडला. ताई मटकन खुर्चीत बसली आणि हसायला लागली. "म्हणून व्हय! दादा च्या प्यायलाय म्हणलं की तू त्याच्यापुढचा भरला कप उचलून न्यायचास! मला वाटायचं, पोरगं लय कामसू हाय."

तेवढ्यात ऑर्केस्ट्रावाले काका आत आले. "मग, मी कवापास्नं येऊ?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"तुमाला उगं तरास दिला, काका," दादा म्हणाला. "ड्रमवाला हाय आमच्याकडं. मराठी तेवढी शिकवायचीय."

मला कोकणातल्या शाळेत मराठीत कधी कमी मार्क नव्हते. पण मी ड्रम उचलून टेम्पोकडे निघालो. टेम्पोत सामान चढवताना ताई म्हणाली, "उद्या सहाला ये. ते गाणं परत बसवू."

मी विचारलं, "उद्या म्हणजे उद्याच ना?"

दोघंही हसत सुटले. मी खरंच विचारत होतो.