कान धरून उचललेली पाच पिल्लं

आमचा कुत्रा गेला त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून लोकांनी मला सल्ले द्यायला सुरुवात केली. "दुसरा आणा की बाई, कुत्र्यांना काय तोटा!" शेजारीण कुंपणावरून म्हणाली आणि पुन्हा नारळ सोलायला बसली. तुझा नवरा गेल्यावर तुलाही हेच सांगायला येईन, असं अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नाही, शाळेत मला मुलंच काय, मुख्याध्यापकही वचकून असतात. पण त्या दिवशी भांडायचंही त्राण नव्हतं.

घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. मी लग्न केलं नाही. भाऊ न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर असतो, तो फोनवरचा मुलगा. चौलला आमची सुपारीची लहानशी वाडी आहे. तिच्यात बाबा, कुत्रा आणि मी असे तेरा वर्षं राहिलो. कुत्रा बाबांचा होता. मी भाकरी घालायची, अंघोळ घालायची, गोचड्या काढायची, पण तो उठायचा तो बाबा उठले की. सकाळी दोघं समुद्रापर्यंत जायचे, येताना टपरीवर थांबायचे. बाबा चहा प्यायचे आणि तो बिस्किट खायचा.

पावसाळ्याच्या शेवटी बाबा विहिरीजवळच्या शेवाळावर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. अठ्ठ्याहत्तरावं वर्ष. अलिबागला ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, की पुढचे दोन महिने महत्त्वाचे. चालले तर चालले. नाहीतर खाट धरतील, आणि या वयात धरलेली खाट सुटत नाही.

पहिले पंधरा दिवस काही अडचणच आली नाही. कुत्रा खाटेजवळ येऊन उभा राहायचा, कुईं कुईं करायचा आणि बाबा शिव्या देत वॉकर धरायचे. "चल रं, चल मुडद्या, जरा दम धर." पडवीतून अंगण, अंगणातून माडाच्या झापांचं फाटक. मी मागून चालायचे. पण कुत्राही म्हातारा झाला होता, मागचे पाय ओढत होता. सोळाव्या दिवशी तो फाटकाशी झोपला तो उठलाच नाही.

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

एक दिवस गेला, दोन गेले, पंधरा गेले. मी समजावलं, रागावले, रडले. वॉकर खाटेला टेकवून ठेवला तर त्यांनी त्याच्यावर टॉवेल वाळत घातला. जेवण खाटेवर, सगळंच खाटेवर. मी त्यांना पुसत असताना ते आढ्याकडे बघत राहायचे. दोन महिन्यांतला एक महिना तिथेच संपला. भावाचा फोन आला, "ताई, एखादा लॅब्रा पाठवू का?" जणू मिक्सर पाठवतोय. मी फोन ठेवून दिला आणि त्याच संध्याकाळी बाबांना सांगितलं, मी पिल्लू आणणार.

"नको," बाबा म्हणाले.

"तुम्हाला विचारत नाहीये. सांगतेय."

इथे बाबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. पिल्लू निवडावं तर यांनी, असं त्यांचं आसपासच्या गावांत नाव होतं. कुणाकडे कुत्री व्याली की राखणीला पिल्लू हवं असलेली माणसं बाबांना न्यायला यायची. बाबा उकिडवे बसायचे, पिल्लाचा कान चिमटीत धरायचे आणि त्याला वर उचलायचे. जे ओरडेल ते भित्रं. जे गप्प राहील ते घ्यायचं, ते चोराला फाडून काढील. लहानपणी मी त्यांच्या शेजारी उभी राहून हे पाचदहा वेळा तरी पाहिलेलं. तेव्हा बाबा मला मोठे जादूगार वाटायचे.

म्हणून मी विचारलं, "निवडायचं कसं ते तरी सांगा."

भिंतीलाच सांगितल्यासारखं ते म्हणाले, "तुला ठाव हाय की. कानाला धरून उचल. वरडंल ते ठेव, न वरडंल ते आन."

आतल्या बाजूच्या गावात भातशेती करणारं एक घर आहे, त्यांची नात माझ्या वर्गात. त्यांच्याकडे कुत्री व्याल्याचं तिनेच सांगितलं होतं. रविवारी मी रिक्षा करून गेले. भाताची झोडणी चालू होती, खळ्यात धूळच धूळ. घरची बाई डोक्याला फडकं बांधून पेंढे रचत होती. मला बघून तिने पेंढ्यांच्या मागे बोट केलं. "न्या, बाई, सगलीच न्या! एवढ्यांना कोन घालतंय खायला? न्हायतर हे गोनीत भरून खाडीवर सोडतील." हे तिने हसत सांगितलं. खांबाला बांधलेली कुत्री माझ्यावर भुंकत होती.

पाच पिल्लं होती. मी पदर खोचला, उकिडवी बसले, बाबा बसायचे तशी.

पहिल्याचा कान धरून उचललं. ते असं किंचाळलं की माझ्या हाताला घाम सुटला. एवढंसं पोट, चारी पाय हवेत, आणि तोंडातून माणसाच्या मुलासारखा आवाज. खाली ठेवलं. कुत्री दोरीला हिसके देत होती. दुसरं उचललं, तेही किंचाळलं आणि माझ्या मनगटावर मुतलं. बाई हसून म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमी तर लय कडक!" मला सांगायला लाज वाटते, पण तो शब्द मला आवडला. तिसरं उचलताना माझा हात कापत नव्हता. चौथं तर मी जरा जास्तच वेळ धरलं, खात्री करून घ्यायला.

पाचवं ओरडलं नाही.

काळं, छातीवर पांढरा डाग. कानाला लटकलेलं, डोळे अर्धे मिटलेले, आणि आवाज नाही. मी मनात म्हटलं, हेच. वर्गातसुद्धा मला अशीच मुलं आवडतात, छडी बसली तरी हूं की चूं न करणारी. अशांना मी शहाणी म्हणते. त्या पिल्लालाही मी तेच म्हटलं, "शहाणं गं माझं ते," आणि पिशवीत घालून घरी आणलं.

बाबांच्या खाटेवर ठेवलं तर त्यांनी पाय आखडून घेतले. "काढ ते हितनं."

"अहो, बघा तरी."

"काढ म्हनतो ना!" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "वरडलं न्हाय?"

"अजिबात नाही," मी फुशारकीने सांगितलं. बाबांनी मान वळवून एकदा पिल्लाकडे बघितलं. मला वाटलं, चला, पसंत पडलेलं दिसतंय.

पिल्लाला पडवीत टोपलीत ठेवलं. त्याने दूध घेतलं नाही. नवीन जागा आहे, घेईल उद्या, असं म्हणून मी झोपले. सकाळीही घेतलं नाही. वाटी तशीच ठेवून शाळेत गेले. दुपारी वाडीतून मागच्या दाराने आत आले तर बाबा खाटेवर नव्हते.

पडवीत धावले, तर बाबा टोपलीशेजारी जमिनीवर बसलेले! वॉकर खोलीतच होता. भिंतीला धरून धरून बारा पावलं चालत आले होते. चमच्याने पिल्लाच्या तोंडात दूध घालायला बघत होते, ते बाहेर ओघळत होतं. मी दारातच रडायला लागले. देवा रे, किती आनंद झाला होता मला! अलिबागच्या डॉक्टरांना फोन केला, भावाला केला, ज्या शेजारणीवर मी चिडले होते तिलाही कुंपणाशी जाऊन सांगितलं.

"ह्याला ढोरांच्या डॉक्टरकडं ने," बाबा म्हणाले. "हे पीत न्हाय."

"नेते," मी म्हणाले.

नेलं नाही.

हे आता लिहायलाच हवं, नाहीतर एवढं सगळं लिहिण्यात काही अर्थ नाही. त्या संध्याकाळी वेळ होता. रिक्षा कोपऱ्यावर उभी असते. पिल्लाला काहीतरी झालंय हे मला दिसत होतं, मी काही आंधळी नव्हे. पण डॉक्टर त्याला ठेवून घेतील, सलाईन लावतील, दोन दिवस घरी सोडणार नाहीत, आणि बाबा परत खाटेवर जातील. पिल्लू पडवीत आहे तोवर बाबा उठतायत. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते चार वेळा उठले, मी मोजलं. दर वेळी पाऊल जास्त भक्कम पडत होतं. म्हणून मी म्हटलं, उद्या. बाबांनी रात्री जेवताना पुन्हा सांगितलं तेव्हा मी खेकसले, "सकाळी नेते म्हटलं ना, किती वेळा तेच तेच!" माझ्या बापाच्या पायांसाठी मी ते पिल्लू एक दिवस आजारी ठेवलं. असं समजून उमजून ठेवलं.

सकाळी टोपलीत रक्ताची हगवण झाली होती. मी त्याला टॉवेलात गुंडाळून धावले. डॉक्टरांनी टेबलावर घेतलं, पापणी उचलून बघितली, हिरड्या बघितल्या आणि विचारलं, "काल का नाही आणलंत?" मी म्हटलं, "काल बरं होतं." मग मीच सफाई दिल्यासारखं सांगितलं की पिल्लू चांगलं मजबूत होतं, कानाला धरून उचललं तरी ओरडलं नव्हतं. "अहो बाई, त्याच्या अंगात ओरडायची ताकद नव्हती," डॉक्टर म्हणाले. " तेव्हाच आजारी होतं ते." दहा मिनिटांत ते गेलं.

घरी आले. बाबा पडवीत उभे होते, आपणहून, खांबाला टेकून. माझ्या हातातलं टॉवेलाचं गाठोडं त्यांनी बघितलं. मीच सुरू झाले, डॉक्टर असं म्हणाले, ते आधीपासूनच आजारी होतं, तुमची ती कानाची परीक्षाच चुकीची, सगळी जुनाट खुळं. बोलत सुटले. अपराधी माणसाच्या तोंडाला लगाम नसतो.

बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती उचललीस?"

"पाच."

"पाची?"

"मग? परीक्षा म्हणजे सगळ्यांची घ्यायला नको?"

"आनि खालनं हात?"

मला कळलंच नाही. "कसला हात?"

बाबांनी डावा तळवा पसरला आणि उजव्या चिमटीने हवेत कान धरल्यासारखं केलं. "खालनं हात असतो. पोटाखाली. सगला भार त्या हातावं. कान नुसता धरायचा, वडायचा न्हाय. मान्सं कानाकडं बघत्यात, म्हनून हात दिसत न्हाय." हात खाली घेऊन म्हणाले, "तू एवडी जवल उभी राहायचीस. तुला बी न्हाय दिसला?"

मी म्हटलं, "मग मला सांगितलं का नाहीत?"

"मला कुत्रं नको व्हतं. वाटलं, येक उचलशील, ते वरडंल, आनि तू रडत घरी येशील." माझ्याकडे न बघता ते बोलत होते. "तुज्याच्यानं दुसरं उचलवंल, असं मला वाटलं न्हवतं. माजंच चुकलं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं मला. त्यांनी टॉवेलाचं गाठोडं माझ्या हातातून घेतलं आणि पायऱ्या उतरून वाडीत गेले. फावडं मी नेऊन दिलं, तर म्हणाले, "ठेव आनि जा." खाली बसून त्यांनी एकट्याने खड्डा केला. तासभर लागला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. त्यांच्या पायाचं काय होईल याची भीती वाटत होती, आणि चालतायत, बसतायत, उठतायत, याचा आनंदही होत होता. अजून होत होता! माझीच मला किळस आली.

त्यानंतर बाबा रोज चालायला लागले. वॉकर सुटला, काठी आली. फाटकापर्यंत, मग रस्त्यापर्यंत, मग टपरीपर्यंत. पहिल्या दिवशी मी चपला घालून निघाले तर ते परत येऊन पडवीत बसले. मी चपला काढल्या तेव्हा निघाले. मग मी परत कधी गेले नाही. जेवण वाढलं की जेवतात, गोळ्या दिल्या की घेतात, "हाय", "न्हाय" आणि "व्हय" यांच्यावर आमचा सगळा संसार चालतो.

दोन महिने पुरे झाले तसं अलिबागला दाखवायला गेलो. डॉक्टरांनी त्यांना खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि एक्स-रे उजेडासमोर धरून खूश झाले. "कमाल केलीत, बाबा! आणि खरी कमाल या तुमच्या मुलीची. माझ्या पेशंटांत अशी मुलं कुणाला नाहीत." मी खाली बघितलं. डॉक्टर पुढे म्हणाले, "तुमचा तो कुत्रा गेला म्हणे. आता एक पिल्लू आणा चांगलंसं, सोबत होईल चालायला."

बाबा म्हणाले, "नको, डॉक्टरसाहेब. हिच्या हातात जीव द्यायचा नसतो. मी हाय तेवडा बास झाला."

डॉक्टरांना ती थट्टा वाटली, ते मोठ्याने हसले. त्यांच्यासमोर मलाही हसावं लागलं. बाबांनी सदरा नीट केला, काठी घेतली आणि मी दार उघडायच्या आत स्वतः उघडून बाहेर गेले.