ओपलला दिलेल्या गोळ्या

खाणीचं छत कोसळून माझा भाऊ अर्विन कमरेतून गेला, तरी रविवारी उभा राहायचाच. आमच्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या चर्चमध्ये भजनाची पुस्तकं नसतात. एकजण उभं राहून ओळ सांगतो, बाकीचे ती सूर लांबवून म्हणतात. ओळ सांगायचा अर्विन. सकाळची दुखण्याची गोळी घेतली की तासभर उभं राहता यायचं. त्याचं मागणं तेवढंच होतं.

त्या गोळीच्या कंपनीचा माणूस दवाखान्यात सगळ्यांसाठी जेवण घेऊन यायचा. "सवय लागत नाही हो," म्हणायचा गोड हसून. मग त्याच गोळ्यांच्या व्यसनानं खोऱ्यातली पोरं मेली. खटला झाला, कंपनीनं दंड भरला नि हात झटकले. डॉक्टर घाबरले. चोर सोडून संन्याशाला फाशी! दवाखान्यातून अर्विनला कधीही फोन यायचा, बाटली आणा, विकल्या तर नाहीत ना, गोळ्या मोजायच्यात.

शेजारच्या ओपलला कॅन्सर होता. शनिवारी तिचं औषध संपलं. औषधाचा दुकानदार म्हणाला, "खटल्यापासून आम्हालाच मोजून मिळतं. सोमवारी बघा." तिचं कण्हणं आमच्या पडवीत ऐकू यायचं. आमच्याकडे शेजाऱ्याला नाही म्हणत नाहीत. अर्विन काठी टेकत गेला, दोन गोळ्या देऊन आला.

सोमवारी फोन आलाच. दवाखान्याच्या वाटेत मी बजावलं, "सिंकमध्ये पडल्या म्हण."

दोन कमी भरल्या. "ओपलला दिल्या," हा शहाणा डॉक्टरांना म्हणाला.

"मग नियमाप्रमाणे पुढची चिठ्ठी नाही," डॉक्टर म्हणाले.

गाडीत मी भडकले, "खोटं बोलायला काय धाड भरली होती?"

"आणि त्याच तोंडानं रविवारी ओळ सांगू?"

बाटलीतल्या गोळ्या लवकरच संपल्या. तो उशी चावत पडून राहिला. ओपलचं औषध आलं होतं, पण आठवड्यानं ती गेली. तिच्या घरी येणाऱ्या नर्सनं उरलेल्या गोळ्या, पुन्हा कुणी घेऊ नयेत म्हणून, नियमाप्रमाणे माझ्यादेखत मांजराच्या शी-शूच्या रेतीत कालवायला घेतल्या. अर्धी बाटली होती. मी हात पसरले.

"नोकरी जाईल माझी, बाई," ती म्हणाली नि रडायला लागली. तिच्यावर काय चिडायचं? ज्यांनी हे केलं ते दंड भरून मोकळे झाले.

ओपलची शवपेटी लोकांनी आमच्या पडवीसमोर थांबवली. "अर्विन, ओळ सांग रे."

त्यानं पडल्यापडल्याच खिडकीतून पहिली ओळ सांगितली. आम्ही ती म्हटली आणि थांबलो. दुसरी आलीच नाही. मग पेटी उचलली आणि न गाताच आम्ही टेकडी चढलो.