भोकरच्या गुहेतला तो हात

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. आमचं घर बौद्ध. अंगात येणं, बाहेरचं लागणं हे शब्दसुद्धा वडिलांनी घरात कधी चालू दिले नाहीत. त्यात मी लातूरला एका खासगी हॉस्पिटलमध्ये नर्स. माणसं जाताना पाहिलीत, गेलेलं कुणी परत आलेलं पाहिलं नाही. तरी लिहितेय, कारण मनातून जात नाही.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई अंथरुणाला खिळून वर्ष होत आलं होतं. ड्युटी, त्यांचं सगळं, घर... बसल्या जागी डोळे मिटायचे. माझा धाकटा भाऊ विनोद भोकरला असतो. त्याला गुहांत उतरायचा नाद, रीतसर शिकलाय. एक दिवस तरी सोबत चल, असा त्याने हट्टच धरला. आईजवळ मी थांबतो, असं नवरा म्हणाला, म्हणून गेले.

भोकरच्या पुढे एका माळावर प्रचंड शिळा एकमेकींवर कलंडल्यात आणि त्यांच्याखालून आरपार वाट झालीय. नवशिक्यांना सोपी, असं विनोद म्हणाला. हेल्मेट, कपाळावर टॉर्च, खिशात दुसरा, गुडघ्यांना पॅड. काही झालं तर मदत आणायला एकाने बाहेर थांबायचं, हा त्याचा नियम. म्हणून त्याची बायको अर्चना तोंडाशी बसली. आत आम्ही दोघंच – विनोद पुढे, मी मागे.

आधी बरं वाटलं. गार, शांत. मग वाट इतकी अरुंद झाली की पोटावर सरकावं लागलं. विनोद पलीकडे निघाला आणि मी कमरेत अडकले. हात पुढे, पाय मागे, हलताच येईना. छाती धडधडायला लागली. तो पलीकडून काहीतरी सांगत होता, पण मला एक शब्द कळत नव्हता.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझी पोटरी धरली.

ओढली नाही. अंगठ्याने हळूहळू दाबायला लागलं, दमलेल्या माणसाचे पाय दाबतात तसं. आणि एका वयस्कर बाईचा आवाज आला, "लई दमलीस गं. पड जराशी. घाई कशाची हाय?"

अर्चना आली की काय... पण ती मला अहो-जाहो करते. पुढचा विचार करायचं त्राणच नव्हतं. मी गाल दगडावर टेकवला आणि मला रडू आलं. मी रोज सासूबाईंचे पाय दाबते. माझे कुणी कधी दाबले, आठवत नाही. श्वास आपोआप संथ झाला, अंग सैल पडलं. मग तोच आवाज म्हणाला, "आता जा." पाय सुटला आणि मी सरकन पलीकडे गेले.

दुसऱ्या टोकाने बाहेर पडून आम्ही वळसा घालून आलो. अर्चना शेंगा सोलत तिथेच बसलेली. आत कुणी गेलं का, विचारलं. कुणीच नाही, म्हणाली. भास असेल, असं मी स्वतःला समजावलं. थकलेल्या माणसाला काहीही दिसतं, ऐकू येतं, हे मी वॉर्डात पाहतेच. विनोदला काही सांगितलं नाही.

तो मला गाडीने लातूरला सोडायला आला. वाटेत अहमदपूरला चहाला थांबलो. तो म्हणाला, "ताई, आत तू कुणाशी बोलून राहिली होतीस?"

मी तर काहीच बोलले नव्हते, असं सांगितलं.

"मंग ती बाई कोण होती? पड जराशी म्हणत होती तुला."

माझा चहा तसाच निवला.

मग मीही त्याला हाताचं सांगितलं आणि आम्ही सगळ्या शक्यता पडताळून पाहिल्या. बाहेरचा आवाज घुमला असेल, मागे एखादी फट असेल. विनोद पुन्हा जाऊन पाहून आला. मागून यायला वाट एकच, अर्चनासमोरून. बरं, आवाजाचं काहीतरी सांगता येईल, पण हाताचं काय?

सासूबाई तशाच आहेत, ड्युटी तशीच. विनोद म्हणतो, पुन्हा चल. मी टाळते. त्याला वाटतं मी भ्याले. भ्याले तर आहेच... पुन्हा तिथे अडकले आणि या खेपेला मागून कुणीच आलं नाही, तर?